मरण सांगायचं काम

"तू जा आणि सांग तिला. मरणाचा सांगावा पोचवणं तुमच्या रक्तातच आहे."

अंबरनाथच्या इस्पितळातला मोठा डॉक्टर हे मला म्हणाला, तेव्हा मी टेलिफोनच्या बोर्डावर बसलो होतो. कंपाउंडर फिदीफिदी हसला. बाहेर ओट्यावर वांगणीकडची एक म्हातारी बसली होती. तिचा तरणा मुलगा आत नुकताच दगावला होता. डॉक्टर हात धुऊन चहा प्यायला निघून गेला.

रक्तात! माझा बाप कुळगावचा महार. गावात कुणी मेलं की पाहुण्यांच्या गावी सांगावा घेऊन त्यानंच पळायचं, ऊन असो की चिखल. लहानपणी मीही त्याच्या मागे जायचो. अंगणाबाहेर उभं राहून बाप ओरडून सांगायचा. घरातली माणसं रडायची आणि रडता रडता आम्हालाच शिव्या घालायची. मग कुणीतरी शिळी भाकर वरून टाकायचं. बाप ती झेलायचा. 

त्यातून सुटायला मी टेलिफोन शिकलो. कल्याणच्या लष्करी छावणीत, जिथे पुढे फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि उल्हासनगर झालं. तिथल्या लोकांशी बोलून बोलून सिंधीही तोंडात बसली. तारेतून जात ऐकू येत नाही, असं मला वाटायचं. त्याच जोरावर इस्पितळात लागलो. पण हा डॉक्टर क्षयाचा रोगी तपासून हात न धुता तसाच यायचा आणि माझ्या हातातला रिसीव्हर मात्र स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्यायचा. जंतूंसाठी नव्हे. किळस यायची मला त्याची. त्याच्या पांढऱ्या कोटाचीसुद्धा.

तरी त्या दिवशी मूग गिळून गेलो. म्हातारीला सांगितलं. ती रडली नाही. माझा हात धरून म्हणाली, "दादा, जाताना पोरानं माजं नाव घेतलं का रं? पानी मागलं का?"

मला काय ठाऊक? ज्याला ठाऊक होतं तो आत बशीत चहा ओतत होता.

मी तिला उठवलं आणि थेट त्याच्या खोलीत नेलं.

"साहेब, हिच्या पोराजवळ तुम्ही होता. तुम्ही सांगा."

"पायरी सोडून वागतोस? नोकरी जाईल."

"जाऊ द्या. महारकी करायला मी इथे आलो नाही."

तो खिडकीकडे बघत म्हणाला, "एक्स्पायर्ड."

"तिला कळेल असं सांगा."

त्याने बशी खाली ठेवली. मग पुटपुटला, "पाणी मागत होता. द्यायला कुणी नव्हतं."

म्हातारी तिथेच फरशीवर बसली आणि मग रडली.

नोकरी गेली नाही. बोर्ड गेला. मला भांडारात टाकलं, मळक्या चादरींमध्ये. तिथून कारकून, मग हेडक्लार्क. सिंधी येत होतं म्हणून पुढे उल्हासनगरातल्या एका इस्पितळाने बोलावलं आणि तिथे मी व्यवस्थापक झालो.

पहिल्याच दिवशी सगळ्या डॉक्टरांना समोर बसवून सांगितलं. रोगी गेला की ज्याने उपचार केले त्यानेच नातेवाइकांपुढे बसायचं. त्यांच्या भाषेत सांगायचं. ते विचारतील त्याचं उत्तर द्यायचं. शिपायाला किंवा भंग्याला पुढे ढकलायचं नाही.

मागून एकजण कुजबुजला, "महार सूड घेतोय."

घेतोय. या खुर्चीत आहे तोवर घेणार. ज्याला जमत नसेल त्याने राजीनामा द्यावा. मी उभ्या उभ्या मंजूर करीन.