तिसऱ्यांदाही त्याच ओळीवर

सुनंदा साळवे यांच्यावर अन्याय झाला तो सत्याऐंशी साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेदहाला, सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका संगणक कारखान्यात. हे आधी नोंदवतो, कारण गेल्या महिन्यात त्या काविळीनं गेल्या तेव्हा शोकसभेत साहेब लोक त्यांना 'मनमिळाऊ' म्हणाले आणि चहा पिऊन गेले. ताई मनमिळाऊ नव्हत्या. बरोबर होत्या.

मी त्या कारखान्यात वायरिंगला होतो, युनियनची पत्रकं लिहायचो. नाशिकहून आम्ही एकाच एस.टी.नं जायचो. पत्रकाचा कच्चा मजकूर दाखवला की ताईंची तांबडी पेन्सिल निघायची. "'शेकडो कामगार' काय लिहितोस? आपण सगळे मिळून नव्वद आहोत." मी म्हणायचो, ताई, जोर यायला पाहिजे ना. "जोर नंतर. आधी खरं." त्यांचं काम कर्नलच्या चाचण्यांचं. कर्नल म्हणजे मशीनमधल्या सगळ्या प्रोग्रामांना जागा आणि वेळ वाटून देणारा गाभा. कारखान्यानं जुना प्रोसेसर सोडून नवा घेतला, तोच कर्नल त्यावर चढवला, आणि जुन्यावर बिनतक्रार पास होणारी एक चाचणी नव्यावर मध्येच बंद पडायला लागली. ताई आठवडाभर दोन्ही मशीन शेजारी लावून एकेक पायरी ताडून बघत बसल्या… आणि एका सकाळी बसमध्ये म्हणाल्या, "सापडलं. काही आकड्यांना दोन जागा लागतात, त्यांनी जोडीनं एकाच बाकावर बसायचं. कर्नलनं एक जोडी फोडलीय, एक या बाकावर, दुसरा मागच्या. जुना प्रोसेसर म्हणजे आपला हा कंडक्टर, चालवून घेतो. नवा घंटी मारून गाडीच थांबवतो." कंडक्टर वळून म्हणाला, "ओ बाई, मला कशाला मधी घेता?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख आले तेव्हा मी त्याच खोलीत केबल बदलत होतो.

"बाई, जुन्या मशीनवर पास होते ना?"

"होते. जुनं मशीन चूक पोटात घालतं, साहेब. चूक कर्नलमध्ये आहे."

"गिऱ्हाईक शुक्रवारी येतंय. ती टेस्ट काढा."

"मग अहवालाखाली सहीही तुम्हीच करा."

त्यांनी केली. वर रजिस्टरात शेरा मारला: 'चाचणी सदोष, तपासनीस अननुभवी.' दुपारपर्यंत ताई पॅकिंगला. मी केबलमधून मान वर काढली नाही.

तीन महिन्यांनी गिऱ्हाइकाकडचं मशीन बंद पडलं, त्याच जागी. कर्नल गुपचूप दुरुस्त झाला, चाचणी परत आली. शेरा तसाच राहिला, ताई पॅकिंगलाच राहिल्या.

त्या पोळ्यानंतरच्या संध्याकाळी बसमध्ये त्यांनी मला संगणकाच्या छपाईचा एक रुंद कागद दिला होता. "पत्रकाला घे. पण मागची बाजूही वाच." मी त्यावर कँटीनच्या पाणचट चहाविरुद्ध पत्रक लिहिलं. परवा जुन्या पत्रकांच्या गठ्ठ्यात तो सापडला, तेव्हा मागची बाजू वाचली… चाचणी तीनदा चालवलेली, तिन्ही वेळा त्याच ओळीवर थांबलेली, आणि चूक नेमकी कुठे ते तांबड्या पेन्सिलीनं लिहिलेलं.

तो कागद आता माझ्या भिंतीवर आहे, ताईंची बाजू बाहेर. त्या विभागात आज तुम्ही बसत असाल, तर सत्याऐंशीचं रजिस्टर काढा. तो शेरा खोडा, आणि खाली सही करा. स्वतःच्या नावाची.