थोडा जास्त थांबणारा आकडा

“मला पगाराची नाही, भांडणाची आठवण येते,” नोकरी गेल्यावर अक्का एकदा म्हणाली होती.

अक्का आमच्या ऑफिसातली सर्वांत जुनी प्रोग्रॅमर. दवाखान्यात रुग्णांचे नंबर पुकारणारा प्रोग्रॅम तिचाच. त्यात काही बदलायचं झालं की आधी ती तिथल्या बाकावर अर्धा दिवस बसून यायची. मग आमच्याशी हमरीतुमरी. “तुझे गुडघे अजून धड आहेत, म्हणून बोलतोस!” हे मला कितीदा तरी ऐकवलं असेल. असल्या टोमण्यांतूनच काम उभं राहायचं.

मग एआय आलं. तत्पर, नम्र, कशालाच नाही न म्हणणारं. खोलीतला आवाज विरत गेला, खुर्च्या कमी होत गेल्या. एक दिवस अक्काचीही गेली.

पुढे साहेबांनी एआयकडून तो जुना प्रोग्रॅम साफसूफ करून घेतला आणि हाडांच्या विभागातून तक्रारी सुरू झाल्या. म्हातारी माणसं उठेपर्यंत त्यांचा नंबर निघून जाई. एआयने पुकारण्याचा आवाज वाढवून दिला. दुखणं गुडघ्याचं, औषध कानाला! शेवटी साहेबांनी अक्काला बोलावलं.

ती डबा घेऊन, पूर्ण दिवसाच्या तयारीने आली. स्क्रीनवरचा नवा प्रोग्रॅम तिने वरून खालपर्यंत वाचून काढला.

“हाडांच्या विभागात आकडा फलकावर जास्त वेळ थांबायचा. ते कुठे गेलं?”

“एआयला ते फालतू वाटलं,” साहेब म्हणाले. “कारण कुठे लिहिलेलंच नव्हतं ना, अक्का.”

“लिहायचं काय त्यात? या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.”

“सगळे म्हणजे आता मी एकटाच,” मी म्हणालो. “आणि माझे गुडघे धड!”

ती खळखळून हसली. किती दिवसांनी त्या खोलीत कुणी हसलं होतं. तिने खुर्ची पुढे ओढली.

“डोळ्यांच्या विभागात काय गोंधळ घातलाय? उद्या जाऊन बसते तिथे.”

“अहो, तुम्ही कशाला त्रास घेता?” साहेब म्हणाले. “एआयला आता कारण कळलंय. काही अडलं तर फोन करू.”

“आणि अडलंय हेच कुणाला कळलं नाही तर?”

“बरोबर आहे तुमचं,” साहेब म्हणाले. “अगदी बरोबर.” आणि घड्याळाकडे पाहिलं.

ती वाट पाहत राहिली. त्यांनी हुज्जत घालावी, तिला खोडून काढावं, निदान चिडावं. ते नुसते हसत उभे होते.

अक्काने खुर्ची टेबलाखाली सरकवली, पिशवी खांद्याला अडकवली आणि बाहेर पडली.