रॉकेटवरचं पाखरू

लकवा आल्यापासून बाबांकडे एकच शब्द उरला होता, 'हो'. चहा घेता? हो. नको का? हो. डोकं दुखतं? हो. दुखत नाही ना? हो. डॉक्टर म्हणाले, कधी कधी एखादाच शब्द मागे राहतो, पण त्याला अर्थ असेलच असं धरून चालू नका. मला वाटलं, एकच उरायचा होता तर 'नाई' तरी उरायचा. माझ्या बापाने जन्मभर तोच जास्त वापरला.

बाबा झाडीपट्टी नाटकांच्या गावात, वडशात, पेंटर होते. नाटक मंडळांच्या ऑफिसांवरच्या पाट्या, पडदे, जीपच्या मागची नावं, सगळं त्यांच्या हातचं. हिवाळ्यात नाटकांचा हंगाम लागला की जेवायला फुरसत नसायची. खडूच्या भुकटीत घोळवलेला दोरा ते पत्र्यावर ताणून सोडायचे, पांढरी रेघ उमटायची आणि त्या रेघेला धरून अक्षरं लिहायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "राहू द्या ना पेंटरभाऊ, थोडंसं तिरपं हाये, दिसत नाई." बाबा म्हणायचे, "तुले दिसत नाई, मले दिसते." मग रॉकेलच्या बोळ्याने अख्खी ओळ पुसून टाकायचे. मी हाताखाली होते. माझ्याकडून ओळ तिरपी गेली की म्हणायचे, "बोटं पुढं कर." मी करायची. ब्रशच्या दांड्याचा एक फटका बसायचा.

पुढे फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. घराच्या पुढच्या खोलीतल्या त्याच दुकानात मी रेडियमचे स्टिकर कापायचं मशीन टाकलं. बाबा समोर खुर्ची टाकून बसायचे आणि माझ्या चुका काढायचे. आमचं रोज वाजायचं. लकव्यानंतरही खुर्ची तीच, जागा तीच, फक्त भांडण बंद झालं. उजवा हात मांडीवर पडलेला, मान उजव्या खांद्याकडे कललेली, डोळे समोर. त्या शांततेने मी हैराण झाले. आत माझा बाप आहे की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं, आणि ते सांगणारं कोणी नव्हतं.

माझी मुलगी ब्रह्मपुरीला अकरावीत जाते. तिच्या विज्ञानाच्या सरांनी मुलांकडून छोटी रॉकेटं बनवून घ्यायला सुरुवात केली. पुठ्ठ्याची जाड नळी, हलक्या लाकडाचे पंख, प्लास्टिकचं टोक, पोटात घडी घातलेली छत्री. वर जातं आणि छत्री उघडून खाली येतं. तिने आपल्या रॉकेटचं नाव ठेवलं पाखरू.

"आई, नाव आबाजीच्या अक्षरात पायजे," ती म्हणाली.

"मंग काय, रेडियममधी काढून देते."

"रेडियम नाई वो. जाड दिसते ते, कडा वर येतात. डेकल पायजे."

डेकल मी ऐकून होते, केलं कधी नव्हतं. खास कागदावर छापायचं, पाण्यात भिजवायचं, की वरचा पापुद्रा दुधावरच्या सायीसारखा सुटतो. तो सरकवत नळीवर बसवायचा. वाळला की हाताने रंगवल्यासारखा दिसतो. कागद तिने कुरियरने मागवला.

आता बाबांचं अक्षर आणायचं कुठून? गावातल्या पाट्या कधीच भंगारात गेल्या होत्या. आमच्याच दुकानाची जुनी पाटी तेवढी मागच्या अंगणात सरपणावर झाकण म्हणून पडली होती. 'लेखन करून व पडदे रंगवून मिळतील.' ती घासूनपुसून मी फोटो काढला. पडद्यातला प घेतला, लेखनातला ख घेतला, करूनमधला रू घेतला, आणि कॉम्प्युटरवर जुळवत बसले. काना जोडताना बाबांनी पोट कसं फुगवलंय, टोक कुठे कापलंय, ते पहिल्यांदा इतकं नीट पाहिलं. ज्या हाताचे फटके खाल्ले त्याच्या अक्षराच्या मी प्रेमात पडले, तेही तो हात गेल्यावर.

रॉकेट उडवायच्या आदल्या दिवशी दुपारी, बाबांच्या समोर स्टूल ठेवून आम्ही डेकल लावायला बसलो. पहिलं पाण्यात टाकलं आणि शाई ढगासारखी सुटली. छापल्यावर वरून वार्निशचा फवारा मारायचा असतो, तो मी मारलाच नव्हता. रेडियमला कुठे लागतं वार्निश? दुसऱ्याला मारला. पण नळीवर हात सवयीने गेला. रेडियम चिकटवताना आम्ही खाली साबणाचं पाणी मारतो, म्हणजे स्टिकर सरकवता येतो. इथेही भरपूर मारलं. साबणाने डेकलचा डिंकच धुऊन नेला. वाळता वाळता त्याच्या कडा उचलल्या आणि सगळं नाव पंख्याच्या वाऱ्याने उडून फरशीवर पडलं.

"बाबा, बरोबर करून राह्यली ना मी?" मी चिडून विचारलं.

"हो."

"हो काय! एकदा तं नाई म्हना ना!"

"हो."

मुलगी हसली. मीही हसले. हाच माणूस एका केसाएवढ्या फरकासाठी अख्खी पाटी पुसायचा. आता त्याच्यासमोर मी घाण करत होते आणि तो हो म्हणत होता.

कागदाचा शेवटचा तुकडा उरला होता. या वेळी सगळं मुलीने सांगितलं तसं केलं. आडव्या नळीवर पेन्सिलची बारीक रेघ मारली, नुसतं पाणी लावलं, नाव सरकवत रेघेवर आणलं. मुलीने डोळा बारीक करून पाहिलं. "एकदम सिधं," ती म्हणाली. मी कापूस उचलला, पाणी टिपायला.

तेवढ्यात बाबांचा डावा हात उठला. नळीपर्यंत आला. ओल्या नावावर त्यांनी बोट ठेवलं आणि ढकललं. प वर राहिला, रू खाली उतरला. पाखरू तिरपं झालं.

"हो," बाबा म्हणाले.

"आई, सिधं कर ना लवकर! ओलं हाये अजून."

ओलं होतं. एका बोटाचं काम होतं. पण बोट पुढे जाईना. सरळ केलं, तर मीच ठरवल्यासारखं होतं की तो हात असाच भरकटला, आत कोणी नाही. नाही केलं, तर पोरीच्या महिन्याभराच्या मेहनतीवर पाणी. मी कापूस हातात धरून बसून राहिले आणि नाव तसंच वाळलं. मुलगी उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मीही ब्रह्मपुरीला गेले. धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांमध्ये, कार्यक्रम होता. पाखरू सूं करत गेलं, छत्री उघडली आणि चिखलात येऊन पडलं. एक पंख मोडला. सर म्हणाले, काम छान आहे, नाव तेवढं तिरपं बसलंय, त्याचे गुण जातील. मला जमिनीत जावंसं वाटलं. मुलगी म्हणाली, "माह्या आबाजीनं लावलं ते," आणि रॉकेट ओढणीने पुसू लागली.

घरी येऊन तिने ते त्याच स्टुलावर, नाव खुर्चीकडे करून, आडवं ठेवलं. बाबा आत झोपले होते. मी दमले होते, समोर त्यांची खुर्ची रिकामी होती, बसले. त्या खुर्चीत कोणी बसत नाही. पाठीमागच्या उशीला त्यांच्या डोक्याने खळगा पडला आहे. माझंही डोकं त्या खळग्यात गेलं आणि मान आपोआप उजव्या खांद्याकडे कलली.

समोर दार तिरपं होतं. कॅलेंडर तिरपं, रेडियमचे रोल तिरपे. पाखरू सरळ होतं. दोरा ताणून लिहिल्यासारखं सरळ.

दिवसभर हे असं सगळं कललेलं समोर बघत तो माणूस इथे बसून होता. पुसायला हात नाही, सांगायला शब्द नाही. आणि मी त्याला चहा घेता का विचारत होते.

आत गेले. बाबा जागे होते.

"बाबा, मी लावलं ते तुमाले तिरपं दिसलं ना?"

"हो."

त्या 'हो'चं मी काय करणार होते? मी बोटं पुढे केली, लहानपणी करायची तशी. बाबांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. मग डावा हात चादरीवरून हळूहळू उचलला आणि माझ्या बोटांवर एक चापट मारली. तिच्यात जोर काहीच नव्हता.