हरलेल्यांचं वाक्य

उजव्या हाताचा तळवा आडवा धरून ते समोरची हवा हळूच ढकलायचे, दारात बसलेलं मांजर दुखावू नये अशा बेताने बाजूला करावं तशी, आणि म्हणायचे, "पुढं सरका. परत या."

चहावाल्याला, पोस्टमनला, जिन्यात घोळका करणाऱ्या विद्यार्थ्यांना, सगळ्यांना हेच. पहिल्या भेटीत मलाही. डोंबिवलीतल्या एका कॉम्प्युटर क्लासच्या दारात मी चपला कुठे काढाव्यात या विचारात उभी होते. तो हात हलला आणि मी सरकले. मागाहून कळलं की ही तीस वर्षांची सवय होती. ठाण्यातल्या गणपती आणि नवरात्राच्या मंडळांसाठी ते हलते देखावे करत. मोटरवर मान फिरवणारा राक्षस, डोळे मिटणारी राणी, मागे टेपवर निवेदन. आणि रांग तुंबली की माईकवर स्वतः, "पुढं सरका. परत या."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. देखावा आठवतो, अध्यक्षांचं नाव आठवतं, राक्षसाची मान फिरवणारा कोण होता ते आठवत नाही.

मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते आणि लेखिका होते. म्हणजे तीन दिवाळी अंकांत माझ्या कथा आल्या होत्या, त्यातली एक साड्यांच्या दोन जाहिरातींमध्ये दबून गेलेली. बोलताना मी 'माझे वाचक' असा शब्द वापरायचे. माझे वाचक म्हणजे सासूबाई, त्याही चष्मा सापडला तर.

नव्वदची वर्षं अर्ध्यावर आली होती. क्लासवाल्या सरांनी मराठी व्हिडिओ गेम काढायचं मनावर घेतलं होतं. पोरं बाहेरच्या खेळांत दिवसभर गोळ्या झाडतात, आपण त्यांना आपली गोष्ट देऊ, असं त्यांचं म्हणणं. गोष्ट अशी, की खाडीकाठच्या कोळ्यांची एक मुलगी देवीची चोरीला गेलेली नथ होडीतून परत आणते. मी घरी बसून शब्द लिहायचे आणि सरांनी त्यासाठीच बोलावलेल्या या दारातल्या गृहस्थांनी गोष्ट मांडायची, अशी कामाची वाटणी. मांडायची म्हणजे काय करायचं, ते मला कळलं नव्हतं, आणि एका देखावेवाल्याला विचारण्याइतकी मी लहान नव्हते.

मी नऊ पानं लिहून नेली. मुलगी धक्क्यावर उभी आहे, खाडीवर संध्याकाळ उतरते आहे, बुडालेल्या आईच्या आठवणीने मुलीचे डोळे भरून आले आहेत. सरांनी पानं चाळली आणि कसंनुसं हसले. "मॅडम, पडद्यावर एक चौकट आहे. तीन ओळी मावतात."

"मग नऊ पानांच्या चौकटी करा."

देखावेवाले कोपऱ्यातून म्हणाले, "बाय, पोरांच्या हाताखाली बटन हाय. पयल्याच चौकटीला दाबून पुढं जातील."

"माझे वाचक पानं उलटून पुढे जात नाहीत," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे इतक्या आदराने पाहिलं की मला ते खरंच वाटलं.

नवरात्रात त्यांनी मला टेंभी नाक्याजवळच्या एका मंडळात नेलं आणि देखाव्याच्या पडद्यामागे उभं केलं. पडद्याला भोक होतं. "रांग बघा," म्हणाले. मी पाहिली. पहिल्या चित्रापाशी माणसं शेंगदाणा चावायला लागतो तेवढा वेळ थांबत. टेपवरचं निवेदन कोणी ऐकत नव्हतं. एका जागी मात्र प्रत्येक बाई रेंगाळत होती. तिथे मातीच्या चिखलात नुसती एक लहान चप्पल रुतवलेली होती, बाकी काही नाही.

"दुसरी कुठाय?" एकीने नवऱ्याला विचारलं.

"वाहून गेली असंल," तो म्हणाला.

ते माझ्या कानाशी कुजबुजले, "दोन ठेवल्या तर कोन बघनार नाय. एक ठेवली की दुसरी लोक मनात घेऊन घरी जातात."

माझी नऊ पानं गेली आणि धक्क्यावर एक चप्पल आली. मी घरी सांगितलं, की चपलेची कल्पना माझी. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या मानाने बरी आहे."

खेळ पुरा होत आला तेव्हा त्यांनी सरांकडे एकच गोष्ट मागितली. मागताना तो हात खिशात होता. "सर, माजं नाव टाकाल का कुठंतरी? मंडळाच्या फलकावर समद्यांची असतात. अध्यक्ष, मंडपवाला, वर्गनी देनारा. तीस वर्सांत माजं कदी आलं नाय. पोरीला दाखवलं असतं."

सर भला माणूस. शेवटच्या चित्रात, देवीला नथ घातली जाते त्याच्या खाली, नावाची एक पट्टी होती आणि तिथे माझं नाव ठरलं होतं. मीच ठरवलं होतं. शेवटी नाव आलं की भारदस्त दिसतं. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, दोन्ही नावं बसवतो. अक्षर जरा लहान करावं लागेल."

आता मी काय बोलले ते लिहिते. गेली कित्येक वर्षं ते मी कोणालाही सांगितलेलं नाही.

"अक्षर लहान नको," मी म्हणाले. "मुलांच्या डोळ्यांना त्रास होतो."

मुलांच्या डोळ्यांची काळजी. माझी स्वतःची मुलगी घरी मिणमिणत्या दिव्याखाली अभ्यास करत होती, तिच्या डोळ्यांबद्दल मी कधी शब्द काढला नव्हता.

सरांनी त्यांना सांगितलं. त्यांनी पडद्यावरची होडी धक्क्याला लावली. मग मला विचारलं, "बाय, तुमचं नाव कुठं येनार?"

"शेवटी."

"अगदी शेवटी?"

"अगदी शेवटी."

"बरं," ते म्हणाले. "मग हरल्यावर जे येतं, ते वाक्य माजं राहू द्या."

मी उदारपणे ते देऊन टाकलं. तसंही हरलेल्या मुलांसाठी मी 'अविचाराचे फळ' अशा शीर्षकाचा उपदेश लिहिला होता, तो तीन ओळींत बसत नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत सरांनी क्लासच्या हॉलमध्ये खेळ मुलांसाठी मांडला. मशीन एक, रांग जिन्यापर्यंत. मी नवी साडी नेसून नवरा, सासूबाई आणि कल्याणची नणंद अशी वरात घेऊन गेले आणि सगळ्यांना पडद्यासमोर बसवलं.

पहिला मुलगा दुसऱ्याच वळणावर बुडाला. पडद्यावर काळं पाणी आलं आणि पांढरी अक्षरं उमटली, 'पुढं सरका. परत या.' मुलगा उठला, पुढच्याला खुर्ची दिली आणि कोणी न सांगता रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. दुसराही तसाच. तिसरी मुलगी होती, ती खाडीला भरती येते तिथपर्यंत पोचली आणि बुडाली. उठताना तिने मागच्याकडे बघून तळवा आडवा धरून हवा ढकलली, आणि सगळी रांग हसली. तिने त्यांना कुठे पाहिलं होतं कोण जाणे. ते दारात उभे होते, म्हणजे पाहिलंच असणार.

"तुझं नाव कधी येतंय?" नवऱ्याने विचारलं.

"कोणीतरी जिंकल्यावर."

"कोण जिंकणार?"

नणंदेने आणलेला चिवडा संपला. सासूबाई एकदा झोपून उठल्या. संध्याकाळी हॉल बंद झाला तोवर एकही मूल देवीपर्यंत पोचलं नव्हतं. घरी जाताना सासूबाई म्हणाल्या, "वाक्य छान होतं हो. पुढं सरका, परत या. ते तू लिहिलंस?"

त्या प्रश्नाला मी खोकल्याने उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाठलं. "शेवटी कोणी पोचत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं."

"बाय, तीस वर्सं रांग बघतोय. शेवटच्या चित्रापाशी कोन थांबतो? तितं समद्यांना चपला शोधायची घाई."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तुमी कुठं इचारलं?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

खेळाच्या थोड्या प्रती निघाल्या आणि डोंबिवली, कल्याण, ठाण्यात फिरल्या. पुढची दोन वर्षं गल्लीत लंगडी खेळताना बाद झालेल्या पोराला बाकीची पोरं 'पुढं सरका, परत या' म्हणायची. माझं नाव पाहिलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. स्वतः खेळून बघावं म्हणून मी सहा महिने झटले. भरतीतच बुडायचे.

हे लिहायला घेतलं तेव्हा त्यांच्या मुलीला फोन केला. तीही आता आजी झाली आहे. म्हटलं, तुझ्या वडिलांचं नाव लिहू ना? अगदी पहिल्या ओळीत लिहिते.

ती म्हणाली, "आता कशाला, मावशी? बाबांना तेव्हा पायजे होतं."

म्हणून लिहिलं नाही.

ते गेले ते खेळ आल्यानंतर तिसऱ्या वर्षी. मी ठाण्याला त्यांच्या घरच्यांना भेटून आले. भिंतीवर एका मंडळाचा सत्काराचा फोटो होता, त्यात अध्यक्ष पुढे होते आणि ते मागे, कोणाच्या तरी खांद्याआड अर्धे. पुढच्याच महिन्यात क्लासवाल्या सरांचा निरोप आला. जुनं मशीन भंगारात द्यायचं होतं. एकदा बघायचं असेल तर या, म्हणाले.

गेले. हॉल रिकामा होता. मी खुर्चीवर बसले आणि होडी सोडली. त्या दिवशी काय झालं कोणास ठाऊक, वळणं सुटली, भरतीही सुटली. देऊळ दिसायला लागलं. त्याच्या पायऱ्या दिसल्या. त्या पायऱ्यांच्या पलीकडे माझं नाव होतं, मोठ्या अक्षरात, मुलांच्या डोळ्यांना त्रास होणार नाही एवढ्या.

इथे मी मुद्दाम बुडाले असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण मी मुद्दाम बुडाले नाही. मला ते नाव हवंच होतं. घाईत चुकीचं बटण दाबलं आणि होडी पायरीवर आपटली.

काळं पाणी आलं. पांढरी अक्षरं आली.

मी मुकाट्याने उठले आणि खुर्ची पुढच्यासाठी सरकवली. मागे वळून पाहिलं, रांगेत कोणीच नव्हतं.

म्हणून मीच परत बसले.