समुद्राकाठचा कॅफे आणि पेडगावची शेती

मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली आणि पाठोपाठ मुलाला पुण्यात नोकरी लागली. परभणीच्या घरात आम्ही दोघंच उरलो. मी शाळेतून निवृत्त झालेली, हे जिल्हा परिषदेतून. कुकर लावताना हात सवयीनं चौघांचा तांदूळ घ्यायचा आणि संध्याकाळी तोच भात परतून खावा लागायचा. एकदा ताट सरकवून हे म्हणाले, "आता जन्मभर फोडणीचा भातच का?"

त्या हिवाळ्यात मुलीनं आम्हाला कोकण दाखवायला नेलं. दापोलीच्या पुढं, समुद्राला लागून असलेल्या एका लहान गावात आम्ही उतरलो. घराची मालकीण एकटीच राहणारी बाई. खोल्या भाड्यानं द्यायची, पण खाण्यापिण्याचं तिच्यानं होत नव्हतं. सकाळी यांना भूक आवरेना, म्हणून मी तिच्या स्वयंपाकघरात शिरले आणि सुशीला केली. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी, दुसरं काही नाही. शेजारच्या खोलीतल्या पाहुण्यांनीही मागून घेतली. निघताना मालकीणबाई म्हणाल्या, "पुढची पडवी रिकामीच आहे. तुम्ही येऊन चालवणार असाल तर मागची खोली राहायला देते."

त्या हसत बोलल्या होत्या. मी मात्र परतीच्या वाटेवर तेवढाच विचार करत होते.

यांना पटवण्यात अख्खा उन्हाळा गेला. दुपारी खिडक्या लावून कूलरसमोर बसायचं आणि तेच तेच बोलायचं. शेवटी हे म्हणाले, "चल. न्हाई जमलं तर घर हाय की आपलं." परभणीजवळच्या पेडगावला आमची शेती बघणारे माझे थोरले दीर मात्र चिडले. "पेन्शन हाय, सगळं बरं हाय. मग या वयात लोकांच्या उष्ट्या बशा उचलायला कशाला जायलाव?"

"बशा घरीबी उचलतेच की, भाऊजी," मी म्हणाले. जाऊबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

दसऱ्याला गेलो. मुलानं पुण्याहून येऊन पाटी लावली आणि तिच्यावर 'कॅफे' लिहिलं. हे आजही हॉटेलच म्हणतात. चहा, कॉफी, सुशीला, पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा एवढंच आमच्याकडं मिळायचं. पर्यटक आत डोकवायचे, "मासे आहेत का?" विचारायचे आणि नाही म्हटलं की कॉफी पिऊन निघून जायचे. कितीतरी दिवस केलेलं पिठलं आम्हीच संपवलं.

आम्हाला सावरलं ते कोळणींनी. बंदरावरचा लिलाव आटोपून त्या सकाळी आमच्या दारावरून जायच्या. त्यातल्या एकीनं यांना विचारलं, "काका, गरम काय मिळंल?" यांनी सुशीला दिली. दुसऱ्या दिवशी ती आणखी दोघींना घेऊन आली. मग रोजचंच झालं. तिनंच मला बांगडा साफ करायला शिकवलं. मी दोन बोटांनी शेपटी धरून उभी राहिले, तर म्हणाली, "अगो काकू, मेलाय तो. चावणार नाय." थंडी संपायच्या आत आमच्याकडं माशाचं कालवण आणि ज्वारीची भाकरी मिळू लागली आणि पडवीत बसायला जागा पुरेना.

मग पावसाळा आला. भिंतींना ओल, पिठाला कुबट वास, कपडे काही केल्या वाळेनात. यांचे गुडघे धरले आणि बोलणं कमी झालं. एका सकाळी चहा घेता घेता म्हणाले, "मला इथं करमत न्हाई. तिकडं पेरण्या चालल्यात. आठ दिवस जाऊन येतो."

आठ दिवसांचे दोन महिने झाले. फोन केला की "कोळपणी होऊ दे" म्हणायचे, पुढच्या फोनला "फवारणी हाय."

माहेरून सासरी आणि सासरहून नवऱ्या-मुलांच्या संसारात, अशी मी कधी एकटी राहिलेच नव्हते. सुरुवातीला दाराची कडी उठून उठून बघायची. पुढं भीती गेली. मासेमारी बंद असल्यानं बायका दुपारी पडवीत येऊन बसायच्या. आमच्या गप्पा चालायच्या. मला बरं वाटू लागलं आणि बरं वाटतंय याचंच आश्चर्य वाटलं. मुलाचा फोन आला, "आई, खरं सांग, तुमचं भांडण झालंय का? मी घ्यायला येऊ?" मी म्हणाले, "येऊ नको. मी खुशाल आहे."

पोळ्याला पेडगावला गेले. हे सोयाबीनच्या बांधावर उभे होते. उन्हानं रापलेले, पण गुडघा न धरता चालत होते. आम्ही तिथंच बसलो.

"मी इथं बरा हाय," हे म्हणाले. "तुझं काय?"

"मी तिथं बरी हाय."

मग यांनी विचारलं, "म्हणजे आता काय करायचं?"

"पाऊस सरला की तुमी तिकडं या. पेरणीला इकडं परत."

"आन् लोक काय म्हणतील?"

"भाऊजी म्हणतील. बाकीच्यांना वेळ न्हाई."

यांना हसू आलं. परभणीच्या स्टँडवर त्यांनी मला गाडीत बसवून दिलं. देवगाव फाट्यावर गाडी थांबली तेव्हा माझे डोळे भरून आले. काहीतरी मोडल्यासारखं वाटत होतं आणि त्याच वेळी मोकळंही.

तेव्हापासून असंच चाललंय. दिवाळी झाली की हे येतात, गल्ल्यावर बसतात आणि गिऱ्हाइकांना परभणीच्या गोष्टी सांगून बेजार करतात. मृगाच्या आधी निघून जातात. मुलं सुरुवातीला परेशान झाली, आता त्यांनाही सवय झाली आहे.

यंदा श्रावणात मात्र हे न सांगता दारात उभे राहिले. भिजलेले, पाठीवर पिशवी. मी म्हणाले, "अहो, आत्ता कसे?"

"दापोलीत काम होतं," हे म्हणाले.

यांचं दापोलीत काय काम असणार? मी टॉवेल दिला आणि चहा ठेवला. दोन दिवस राहिले, ओलीला नावं ठेवली आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेले.