कानामागचं हाड

"बेटात माणसं राह्यतेत?" माय म्हणाली. "बेटात त साप राह्यतेत."

तिच्या लेखी बेट म्हणजे बांबूचं. मेळघाटाचा पायथा लागला की दिसतं ते. समुद्र तिनं पाहिलेला नव्हता. मीही पाहिलेला नव्हता. ताईनं परातीत पाणी ओतलं, मधोमध वाटी पालथी घातली आणि म्हणाली, "हे बेट." मायनं वाटीकडं बराच वेळ पाहिलं. "मंग या लोकाईले प्याले पाणी कुठून भेटते?"

थंडीचे दिवस होते. आमचं गाव चांदूर बाजारच्या बाजूचं. ओट्यावर बसून आम्ही तिघी तुरीच्या शेंगा सोलत होतो. ताई दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरात प्रयोगशाळेत पीएचडी करत होती. मरून शेकडो-हजारो वर्षं झालेल्या माणसांच्या हाडांतून डीएनए काढायचा आणि ती माणसं कोणाची कोण होती ते शोधायचं, हे तिचं काम. तिची माणसं प्रशांत महासागरातल्या बेटांवरची. घरी आली की पहिले दोन दिवस तिची भाषा पुस्तकी असायची, मग हळूहळू 'मला'चं 'मले' व्हायचं. या वेळी मात्र ती बसमधून उतरली तीच "मले तुह्यासंग बोला लागते" म्हणत.

दुपारी संत्र्याच्या बागेत तिनं मला सांगितलं. झाडं त्या वर्षी अर्धी वाळली होती, सावली शोधूनच बसावं लागलं.

त्या बेटांवर सगळ्यात आधी जी माणसं पोचली, ती होड्यांतून फार लांबून आली. त्यांच्या नक्षीदार मडक्यांचे तुकडे खोदकामात सापडतात, थडगीही सापडतात. त्यांच्या हाडांनी एक गोष्ट आधीच सांगितली होती. आज तिथं राहणाऱ्या लोकांचा वंश बराचसा त्या पहिल्यांचा नाही, नंतर दुसरीकडून आलेल्यांचा आहे. पण आजचे लोक बोलतात ती भाषा पहिल्यांच्याच कुळातली.

"म्हणजे रक्त बदललं अन् बोली राहिली?" मी म्हणाले.

"तसं दिसते. कसं झालं, हळूहळू की एकदम, ते मला शोधायचंय. त्यासाठी मधल्या काळातली हाडं पाहिजेत."

हाडं होती. एका बेटावर खोदकामात निघालेली, तिथल्याच संग्रहालयात ठेवलेली. त्यातलं ताईला हवं होतं कानामागचं हाड, कवटीच्या आतल्या बाजूला असतं ते. शरीरातलं सगळ्यात टणक, म्हणून डीएनए तिथं टिकून राहतो. त्याला बारीक भोक पाडायचं आणि चिमूटभर भुकटी घ्यायची, एवढंच. पण परवानगी त्या बेटावरच्या जाणत्या लोकांची लागत होती. संगणकावर त्यांची बैठक झाली. ताईनं सगळं समजावलं. मग एका म्हातारीनं तिला विचारलं, तुझ्या घरचं हाड कोणी मागितलं, तर तू देशील?

ताई म्हणाली, घरी विचारून सांगते. त्यांनी पुढच्या आठवड्यात परत बैठक ठेवली.

"त्यात विचारायचं काय?" मी म्हणाले. "हो म्हणून टाक."

मी अशीच होते, आधी उत्तर आणि मग प्रश्न. बाबा शेतकऱ्यांच्या चळवळीतले, घरात पत्रकांचे गठ्ठे. अक्षरओळख मला शाळेपेक्षा त्या पत्रकांनी जास्त करून दिली. मी जोडाक्षरासकट वाचलेला पहिला शब्द बहुतेक 'धिक्कार' असावा. मोठी झाले तशी मीच पत्रकं लिहू लागले. 'हाडं नदीत टाकू नका' हे माझं होतं. हाड म्हणजे चुना, त्याला ना पाप ना पुण्य, असं त्यात ठणकावलं होतं आणि अमरावतीच्या बसस्टँडवर उभं राहून स्वतः वाटलं होतं.

"आपल्या घरचं हाड आहे तरी कुठं?" ताई म्हणाली. "आपण जाळतो. राख सावडतो, पूर्णेत नेऊन सोडतो. देतो म्हणायला हातात एकही..."

ती थांबली. मलाही तेव्हाच आठवलं. एक होतं.

ताईच्या नंतर आणि माझ्या आधी एक भाऊ झाला होता. बारशाआधीच गेला. तान्ह्या लेकराला आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. त्याला वरच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोरीखाली ठेवलं होतं. आम्हाला माहीत होतं ते एवढंच. मायनं त्याचा विषय कधी काढला नव्हता आणि आम्ही कधी विचारला नव्हता.

"हो म्हणायचं तर त्याचं म्हणावं लागते," ताई म्हणाली. "आणि तुझ्या त्या दुसऱ्या पत्रकाचं काय?"

दुसऱ्या पत्रकाचं नाव 'आम्ही नमुना नाही'. त्या वर्षांत आमच्या भागाचा अभ्यास करायला माणसं फार यायची. कपाशी बुडाली की गाड्या यायच्या. कॅमेरे, छापील प्रश्न, मातीचे नमुने, पाण्याचे नमुने, बायकांच्या मुलाखती. न्यायचे आणि जायचे. पुढं त्याचं काय झालं ते आमच्यापर्यंत यायचं नाही. त्या संतापात मी ते लिहिलं होतं. ताईलाही पाठवलं होतं. तिनं ते आपल्या टेबलासमोर चिकटवलंय, हे तिनं मला आत्ता सांगितलं.

"मी तर विचारून घेऊन राह्यली," ती म्हणाली. "पण विचारायचा मले हक्क काय, ते तुह्या कागदात लिहिलं नाही."

दोन्ही पत्रकं माझी, दोन्ही मला खरी वाटत होती, आणि दोन्ही एकमेकांच्या उरावर बसली होती.

बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "मायले इचारा," आणि मोटर बघायला म्हणून निघून गेले.

मायला मी विचारायचं ठरलं. ताई म्हणाली, "मी विचारलं तर ती हो म्हणेल. माझ्या शिक्षणासाठी ती कशालाही हो म्हणते. ते खरं उत्तर नव्हे."

म्हणून संध्याकाळी मी सुरुवात केली. जगातले संशोधक, त्यांची जबाबदारी, लोकांचा अधिकार...

"सिदं बोल," माय म्हणाली. "भाषण नको देऊ."

"ताईच्या त्या बेटावरच्या लोकांनी विचारलं, का आपलं बोरीखालचं हाड कोणी मागतलं, त आपण देऊ काय?"

माय शेंगा सोलतच राहिली. टरफलं बकरीकडं भिरकावली. "कायले पायजे त्याईले?"

"त्याईले नाई पायजे. नुसतं विचारलं."

"पायजे नाई त इचारते कायले? रिकामी हायत काय?"

आता ताई मध्ये पडली. "अवं माय, आपण त्याईचं मागून राह्यलो ना. म्हणून थे म्हणतेत, तुमी तुमचं देसान काय. हाडातून समजते, माणूस कोणाचा, कुठून आला."

"थो माहा होता. इथून आलता." मायनं पोटावर चापट मारली. "त्याच्यासाठी हाड कायले कोरा लागते?"

आम्ही दोघी हसलो, तीही हसली. मग त्याच आवाजात म्हणाली, "काहून गेला, थे समजते काय?"

ताई माझ्याकडं पाहत होती. 'नाही' म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता.

"बहुतेक नाई समजत," ती म्हणाली. "कधी कधी समजते. रोगाचे जंतू सापडले त. पण तान्ह्या लेकराचं हाड, आपली काळी माती... आता राह्यलं बी नसन."

"बहुतेक नाई, का कधी कधी? एक काय थे सांग."

"दोन्ही, माय."

माय उठली आणि सोले घेऊन आत गेली. जेवताना ती फक्त भाजीबद्दल बोलली. मी मनात 'नाही' असं लिहून टाकलं. ताईनं काय लिहिलं, कोण जाणे.

गावात इंटरनेट टिकत नव्हतं. ताईची कॉलेजातली एक मैत्रीण अकोल्याला जठारपेठेत संगणकाचे वर्ग चालवायची, बैठक तिच्याकडून करायची होती. निघायच्या दिवशी सकाळी ताई मायच्या मागं मागं फिरत होती.

"मंग त्या बाईले काय सांगू?"

"मांगं थे सर्वेवाली आलती," माय चुलीकडं बघत म्हणाली. "किती लेकरं म्हणे. मी तीन सांगतले. तिनं दोन लिवले. म्हणे, असलेले सांगा."

"माय, मी काय सांगू?"

"सांग, मी इचार करून राह्यली."

"हो का नाई, थे सांग ना वो. माहं सारं काम त्याच्यावर अडलं हाय. दोन वर्सं झाले."

"थे मले मालूम हाय. म्हणूनच त इचार करून राह्यली. नाई त कवाचंच नाई म्हटलं असतं."

बडनेऱ्याहून पॅसेंजर धरली. गाडी सुटली तेव्हा मी ताईला म्हणत होते, हो सांग, मायला बाहेर ठेव, विज्ञानाच्या बाजूनं उभी राहा. मूर्तिजापूर येईपर्यंत मी 'नाही सांग' वर आले होते. "बोरगाव येईस्तोवर काय म्हणशीन?" ताईनं विचारलं आणि खिडकीकडं तोंड करून बसली. मला राग आला, पण कशाचा ते कळेना. आजवर माझा राग नेहमी पत्ता लिहिलेला असायचा.

मैत्रिणीच्या वडिलांचा गाद्या-रजयांचा धंदा. खाली दुकान, वर घर आणि संगणकाचा वर्ग. रात्रीचं जेवण तिथंच झालं. तिला सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "आमच्या कबरस्तानात तर जागाच कमी. ज्या जागेत माझे दादा, म्हणजे आजोबा, त्याच जागेत बहुतेक त्यांचे दादा. तू मागशील एकाचं, निघेल दुसऱ्याचं. काय बरकत आहे बघ." तिची अम्मी आतून ओरडली, "खाना खाते वक्त कबर की बातें मत करो, बेशरम लडकियों." तरी थोड्या वेळानं तीच येऊन विचारून गेली, "पर उस बुढिया ने पूछा सही ना?"

दुसऱ्या दिवशी आपल्याकडे सकाळ आणि तिकडे दुपार अशी बैठक सुरू झाली. पडद्यावर एका पडवीत सात-आठ माणसं बसलेली. मध्यभागी फुलाफुलांचा झगा घातलेली म्हातारी, हातात विणलेला पंखा. संग्रहालयातला एक तरुण त्यांचं बोलणं इंग्रजीत आणि ताईचं त्यांच्या भाषेत करत होता. माझं इंग्रजी अर्ध्यावर थांबतं, त्यामुळे अर्धं मी चेहऱ्यांवरून समजून घेतलं.

ताईनं काही लपवलं नाही. आम्ही जाळतो, म्हणून आमच्याकडे हाडं नसतात, हे सांगितलं. भावाचं सांगितलं. मायनं काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं, तेही. शेवटी म्हणाली की आईनं सांगितलंय, ती विचार करते आहे.

तरुणानं विचारलं, म्हणजे हो का नाही?

ताईनं माझ्याकडं पाहिलं. मग तिनं त्याला समजावायचा प्रयत्न केला. आमच्या बोलीत बोलायची एक तऱ्हा आहे. 'करून राहिली' म्हटलं की काम चालू आहे, आणि करणारी त्यातच राहिली आहे. संपायची घाई नाही, सोडून दिलेलंही नाही. इंग्रजीत ते फार लांब झालं. त्या तरुणानं त्यांच्या भाषेत केलं ते आणखी लांब. मध्येच म्हातारी पंख्यामागं हसली. बाकीचेही हसले. मग ते आपसात बराच वेळ बोलले, आणि आम्ही तिघी संगणकासमोर परीक्षेला बसल्यासारख्या बसून राहिलो.

उत्तर आलं. आम्हीही विचार करतो आहोत. तुझ्या आईचा झाला की कळव.

आणि तरुणानं जाता जाता सांगितलं की डुकरांची हाडं हवी असतील तर खुशाल घ्या. बेटावर डुकरं नव्हतीच, माणसांनीच होड्यांतून आणली. त्यांच्यासाठी कोणाला विचारायला नको.

पडदा काळा झाला. "म्हणजे नाही?" मैत्रिणीनं विचारलं.

"नाही म्हणाले नाहीत."

"मग हो?"

"मले काई समजून नाई राह्यलं," ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती. मैत्रीण म्हणाली, "पीएचडी गेली बाई तुझ्या मायच्या हातात," आणि तिला जवळ घेतलं.

घरी आल्यावर मायला सांगितलं. आम्हाला वाटलं, तिला बरं वाटेल. एवढ्या लांबचे लोक तिच्यासाठी थांबले. माय भडकली.

"माह्या डोक्शावर कायले ठेवलं थे? मी काय पंच हावो काय? मी माह्यापुरतं म्हटलं होतं!" मग ताईवर, मग माझ्यावर. "हे एक नमुना अन् थे दुसरं. तुमाले शिकवलं हेच चुकलं." त्या दिवशी ती वावरात गेली ती उशिरा आली. बोरीकडं गेली होती का, ते आम्ही विचारलं नाही.

ताई परत गेली. तिचे मार्गदर्शक नाराज झाले, पण काम थांबवता येत नव्हतं. तिनं डुकरांची हाडं घेतली. कुठल्या बेटावरचं डुक्कर कुठल्या बेटावरच्या डुकराचं नातेवाईक, ते कळलं की त्यांना होडीत घालून नेणारी माणसं कुठून कुठं गेली याचा अंदाज येतो. मधल्या काळातली माणसं तशीच संग्रहालयाच्या पेटीत राहिली. फोनवर ती दर वेळी विचारायची, "झाला काय इचार?" आणि माय म्हणायची, "होऊन राह्यला."

मी या सगळ्यावर पत्रक लिहायला तीनदा बसले. 'आम्ही' लिहायचे आणि पुढं जाता यायचं नाही, कारण या गोष्टीत मी कोणत्या 'आम्ही'त बसते ते ठरत नव्हतं. घेणाऱ्यांत की देणाऱ्यांत?

एकदा ताई फोनवर मायला डुकरांचं समजावत होती. लहान पिल्लाच्या हाडातूनसुद्धा डीएनए छान निघाला म्हणून खुशीत होती. माय ऐकत होती, हातानं पीठ मळत.

"अन् डुकराच्या मायले कोणी इचारलं काय?" ती म्हणाली.

ताई पलीकडून जोरात हसली. मलाही हसू आलं होतं, पण मी मायकडं पाहिलं. ती हसत नव्हती. ती उत्तराची वाट पाहत होती.