डोळे मिटून दहा आकडे

मानेला गरम शेक घेत मी फिजिओथेरपीच्या खोलीत बसलो होतो. मान वळत नव्हती, त्यामुळे समोर जे चाललं होतं तेच बघणं भाग होतं. एक निवृत्त एसटी कंडक्टर पाय जुळवून, डोळे मिटून उभे होते. दहा आकडे मोजून होईपर्यंत तसं राहायचं होतं. चौथ्यालाच ते कलले आणि व्यायाम करून घेणाऱ्या मुलीने त्यांचा दंड धरला.

“घाटात, भरल्या गाडीत तिकिटं फाडलीत मी,” ते वैतागून म्हणाले. “दांडा धरला नाही कधी.”

“काका, तेव्हा डोळे उघडे होते. पुन्हा.”

व्यायाम कशासाठी, ते शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीने सांगितलं. मान आखडल्यापासून त्यांना चक्कर येते. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो. एकदा आंघोळ करताना पडले, तेव्हापासून आतून कडी लावायला बंदी आहे. त्यांना ती कडी परत हवी आहे.

तोल असतो तोवर त्याची कोणी विचारपूस करत नाही. गेला की तो आकड्यांत मोजला जातो. जे आपण कधी शिकलोच नाही असं वाटतं, ते म्हातारपणी धडे घेऊन शिकायचं, याचा संताप येतो.

पाचव्या खेपेला ते दहापर्यंत टिकले.

“आजपासून लावा कडी,” पत्नी म्हणाल्या. “मी बाहेर स्टूल टाकून बसते. दर मिनिटाला हाक मारीन, तेवढी ओ द्या.”

“त्यापेक्षा दार उघडं होतं ते बरं,” काका म्हणाले.